ताप डोक्यात जाणे

मराठीत ताप हा फिरता आहे. तो येतो, भरतो, चढतो, उतरतो, निघतो; कधी अंगात मुरतो, कधी पाळीने येतो आणि एखाद्या दिवशी पाळी चुकवतो. ‘हिवताप’ या शब्दात तर हुडहुडी आणि दाह ही दोन्ही टोके एकत्र बांधलेली आहेत. आपल्या जुन्या वैद्यांनी या ज्वराची गणना विषमज्वरात केली आणि त्याच्या पाळ्यांवरून अन्येद्युष्क, तृतीयक, चातुर्थक अशी नावे योजिली. ही नावे काळाची आहेत. ताप किती दिवसांनी परतेल एवढे ती सांगतात. ताप देहात कोठे जातो हे सांगणारा वाक्प्रचार मात्र शास्त्राच्या पोथीतला नाही, तो माजघरातला आहे. ‘ताप डोक्यात गेला’ हा तो वाक्प्रचार. आजची तरुण मंडळी न आवडणारा माणूस ‘डोक्यात जातो’ असे म्हणतात; परंतु त्याआधी कितीतरी वर्षे आमच्या घराघरांतून डोक्यात जाई तो ताप. अलीकडे मेंदूची चित्रे काढून मलेरियाचा अभ्यास करणारे संशोधक ज्या प्रश्नाचा मागोवा घेत आहेत, तो प्रश्न या तीन शब्दांत फार पूर्वीच विचारला गेला होता, असे मला वाटते. त्या चित्रांनी या शब्दांची कोणती बाजू खरी ठरवली आणि कोणती खोटी, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

हा वाक्प्रचार मी ऐकला तो रायपूरच्या तात्यापाऱ्यात. वस्तीच्या या नावात दोन भाषा शेजारी शेजारी नांदतात. ‘तात्या’ हे आमचे, वडीलधाऱ्यांना उद्देशून वापरायचे. ‘पारा’ हा छत्तीसगढीतला, म्हणजे वस्ती किंवा मोहल्ला. ब्राह्मणपारा, बुढापारा, बैजनाथपारा, मौदहापारा ही रायपुरातली नावे त्याच घडणीची. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुराहून कारभार पाहू लागले तेव्हापासून, मराठी कुटुंबे या प्रदेशात येत राहिली, आणि पुढे मध्यप्रांत अस्तित्वात आल्यावर कचेऱ्या, शाळा, रेल्वे, जंगलखाते यांच्या निमित्ताने आणखी आली. मराठी कानाला ‘पारा’ म्हणजे थर्मामीटरातला पारा. त्यामुळे तात्यापाऱ्यात कोणाचा पारा चढला आणि कोणाचा उतरला, यावर थट्टा करण्याची सोय आम्हा मुलांना वस्तीच्या नावानेच करून दिली होती.

आमच्या घरात मात्र एका तापाविषयी कोणी थट्टा करीत नसे. माझे आजोबा जंगलखात्यात होते आणि १९५५ साली त्यांचा मुक्काम बस्तरमध्ये केशकाल घाटाच्या वरच्या अंगाला होता. मध्य प्रदेशाची राजधानी तेव्हा नागपूर होती. पावसाळा सरून थंडी पडण्याच्या सुमारास माझ्या सर्वांत धाकट्या काकांना, म्हणजे आठ वर्षांच्या बाळकाकांना, ताप भरला. दोन दिवस तो हुडहुडी भरवून येत होता आणि घाम काढून जात होता. तिसऱ्या दिवशी, आजीच्या शब्दांत सांगायचे तर, “पोरगा काहीच्या काही बोलून राहिला होता, मग बोलायचाच थांबला.” त्यांना आकडी आली. तीन दिवस ते शुद्धीवर नव्हते. कोयनेलची सुई मिळाली, तीही बैलगाडीने कित्येक कोस गेल्यावर. चौथ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले आणि पाणी मागितले. ताप उतरला होता. आजोबांनी बदली मागून घेतली आणि बिऱ्हाड तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरी परतले.

यानंतरचे बाळकाका मी स्वतः पाहिलेले. आठव्या वर्षापूर्वी पाठ केलेली रामरक्षा ते एका अक्षराची चूक न करता म्हणत. त्यानंतर शिकवलेले मात्र त्यांच्याजवळ टिकत नसे. गोलबाजारात भाजीला जाताना तीनाहून अधिक जिन्नस आणायचे असतील तर आजी त्यांच्या खिशात चिठ्ठी ठेवी. बोलता बोलता एखादे साधे नाम त्यांना सापडेनासे होई. ‘कंदील’ हा शब्द शोधत ते हाताने हवेत कंदिलाचा आकार काढत. उजव्या हाताला किंचित कंप होता. वर्षाकाठी एकदोनदा आकडी येई. ज्या शाळेत त्यांना पुन्हा घातले तेथे मठ्ठ हे विशेषण त्यांच्या नावाला कायमचे चिकटले आणि दोन वर्षांनी शाळा सुटली. घराने त्यांच्यासाठी एकच स्पष्टीकरण ठेवले होते: लहानपणी ताप डोक्यात गेला. सुटे पैसे चुकवणाऱ्या दुकानदाराला, लग्नाचे विचारणाऱ्या पाहुण्याला, हसणाऱ्या पोरांना आजी हेच सांगे. या वाक्याने काकांना पुष्कळ झाकले. उपहासापासून त्यांचे रक्षण करणारे दुसरे काही आमच्यापाशी नव्हतेच. परंतु त्याच वाक्याने त्यांच्याविषयीचा पुढचा प्रत्येक प्रश्नही मिटवला. काय गेले, काय उरले, उरलेल्यातून काही उभे करता येईल काय, हे विचारण्याची गरज कोणालाही भासली नाही; कारण उत्तर आधीच देऊन झाले होते.

आता शास्त्राकडे वळू. आल्फॉन्स लाव्हराँ याने १८८० मध्ये अल्जीरियात एका सैनिकाच्या रक्तात मलेरियाचा जिवंत जंतू पाहिला. त्यानंतर पाचसहा वर्षांतच इटलीत पाव्हिया येथे कामिल्लो गोल्जी याने दाखवून दिले की जंतू तांबड्या रक्तपेशीत वाढतो, त्याचे अनेक तुकडे होतात, पेशी फुटते, आणि ती फुटण्याची वेळ हीच हुडहुडीची वेळ असते. तृतीयक आणि चातुर्थक या नावांमागचे कारण अशा रीतीने रक्ताच्या थेंबात सापडले. हाच गोल्जी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने मज्जापेशी रंगवण्याची रीत शोधून बसलेला होता. मेंदूची एकेक पेशी तिच्या फांद्यांसह माणसाला प्रथम स्पष्ट दिसली ती या रीतीमुळे, आणि १९०६ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले ते मज्जासंस्थेच्या या कामासाठी. मेंदू आणि मलेरिया या दोहोंचे बारकाईने निरीक्षण एकाच माणसाने केले, पण त्याच्या कीर्तीत हे दोन अभ्यास निराळेच राहिले. दोहोंचा संबंध जोडणारे पुरावे पुढे आले ते मुख्यतः रोममधून. एत्तोरे मार्क्याफाव्हा आणि त्याचे सहकारी यांनी मलेरियाने मेलेल्यांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा केसाहून बारीक अशा रक्तवाहिन्या जंतुग्रस्त पेशींनी ठासून भरलेल्या त्यांना दिसल्या.

येथे आपल्या वाक्प्रचाराची पहिली परीक्षा होते. फॅल्सिपेरम जातीचा जंतू डोक्यात जातो हे खरे. परंतु तो मेंदूत शिरत नाही. ज्या तांबड्या पेशीत तो राहतो तिच्या पृष्ठभागावर तो चिकट गाठी उमटवतो. त्यांच्यामुळे ती पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला धरून बसते. अशा हजारो पेशी साठल्या की प्रवाह अडतो, अस्तर दुखावते, भिंत पाझरू लागते. जंतू शेवटपर्यंत वाहिनीच्या आत असतो आणि इजा होते ती बाहेर, मेंदूच्या द्रव्यात. चोर घरात न शिरता घराकडे येणारी पाण्याची नळी दाबून बसावा, असा हा प्रकार आहे.

एवढे ज्ञान जमण्यास फार मोठी किंमत पडली होती: ते सारे मृतांकडून आले होते. जो मेला त्याचा मेंदू पाहता येई; जो वाचला त्याच्या मेंदूत त्या तीन दिवसांत काय घडले आणि चौथ्या दिवशी काय मिटले, हे कोणालाच पाहता येत नव्हते. सुमारे शंभर वर्षे ही स्थिती राहिली. तिच्यात पालट घडवला तो चुंबकीय अनुनादाच्या तंत्राने, ज्याला आपण सगळे एम.आर.आय. म्हणतो. पॉल लाउटरबर याने १९७३ मध्ये या तंत्राने पहिली प्रतिमा काढली, पीटर मॅन्सफील्ड याने त्याचे गणित पुढे नेले, आणि २००३ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रतिमेला छायाचित्र म्हणणे चुकीचे ठरेल. देहातील पाण्यात हायड्रोजनचे अणू असतात. प्रबळ चुंबकक्षेत्रात त्यांची केंद्रके ओळीने लागतात, रेडिओलहरींनी ती ढळतात आणि पुन्हा जागेवर येताना एक क्षीण संकेत देतात. त्या संकेतांचे आकडे आणि आकड्यांच्या करड्या छटा होतात. मेंदूचे चित्र म्हणून आपल्या हाती येते ते मेंदूतल्या पाण्याचे वृत्त असते, आणि तेही भाषांतरित. हे पाणी पेशींच्या बाहेर मोकळे हिंडते आहे की फुगलेल्या पेशींच्या आत कोंडले गेले आहे, हेही या तंत्राने ओळखता येते. सूज या एका मराठी शब्दाखाली येणाऱ्या दोन भिन्न गोष्टी येथे वेगळ्या होतात. वाहिनीतून पाझरलेल्या पाण्याची सूज बहुधा ओसरते. प्राणवायूवाचून पेशी स्वतःच फुगली असेल तर धोका अधिक.

मलावीमधील ब्लँटायर येथील रुग्णालयात २००८ पासून असे एक यंत्र मलेरियाने बेशुद्ध झालेल्या मुलांसाठी वापरात आले. टेरी टेलर आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दृष्टिपटलावर मलेरियाच्या खुणा दिसलेल्या १६८ मुलांची चित्रे त्यांनी तपासली होती. त्यांपैकी २५ मुले दगावली, आणि त्या २५ पैकी २१ मुलांचा मेंदू दाखल होतानाच अतिशय सुजलेला होता. वाचलेल्या १४३ मुलांत अशी सूज ३९ जणांना होती, आणि पुढील चित्रांत ती उतरत गेलेली दिसली. कवटीत वाढायला जागा नसते; सुजलेला मेंदू खाली रेटला जातो आणि श्वास चालवणारे केंद्र दाबले जाते. मृत्यूचे कारण अशा रीतीने जिवंत देहात, मृत्यूच्या आधी, प्रथमच डोळ्यांपुढे आले.

आफ्रिकेतील हे ज्ञान आपल्या अंगणात जसेच्या तसे लागू पडते काय? याचा शोध जेथे घेतला गेला ते ठिकाण रायपूरहून दूर नाही. हावड्याकडे जाणारी गाडी बिलासपूर, रायगड, झारसुगुडा ओलांडून ओडिशाच्या सुंदरगढ जिल्ह्यात राउरकेल्याला पोचते. तेथील पोलाद कारखान्याच्या इस्पात जनरल हॉस्पिटलात भोवतालच्या जंगलपट्टीतले मलेरियाचे रोगी वर्षानुवर्षे येत आले आहेत. डॉ. संजीब मोहंती आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे आधी सी.टी. स्कॅनच्या साहाय्याने १२६ प्रौढ रोग्यांचे मेंदू पाहिले; ८० जणांत, म्हणजे ६३ टक्क्यांत, सूज आढळली. सूज दिसते तर ती उतरवणारे औषध द्यावे, हा तर्क कोणालाही सुचेल. मॅनिटॉल हे पाणी खेचून घेणारे औषध त्यांनी रोग्यांचे दोन गट करून पारखले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष उलटा होता: मॅनिटॉल दिलेल्यांची बेशुद्धी लांबली आणि मृत्यूही कमी झाले नाहीत. त्याआधी १९८२ मध्ये थायलंडमधील एका प्रयोगात स्टिरॉइडच्या बाबतीत असाच अनुभव आला होता. चित्रात जे दिसते त्याचा अर्थ चित्राच्या आत लिहिलेला नसतो. संहिता हाती येणे आणि संहितेचा अर्थ लागणे यांतले अंतर ठाऊक असलेल्या आपणा वाङ्मयाभ्यासकांना याचे नवल वाटू नये.

पुढे राउरकेल्यातील डॉक्टर आणि लंडनच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतील सॅम्युएल वासमर यांनी एम.आर.आय.च्या साहाय्याने हा पाठ अधिक बारकाईने वाचला. २०१७ च्या त्यांच्या निबंधाचा सारांश असा, की मेंदूच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या क्रिया चालू असतात: मागच्या बाजूला पाझराची सूज, तर खोल तळाशी असलेल्या करड्या द्रव्याच्या पुंजांत पेशींची स्वतःची इजा. २०२१ मध्ये त्यांनी मुले आणि प्रौढ यांची तुलना मांडली. लहान वयात सूज हे मृत्यूचे मुख्य रूप. दगावलेल्या प्रौढांच्या मेंदूत मात्र प्राणवायूच्या अभावाने झालेल्या व्यापक इजेच्या खुणा होत्या. आठ वर्षांच्या मुलाच्या आणि चाळीस वर्षांच्या शेतकऱ्याच्या ‘डोक्यात गेलेला’ ताप एकच नव्हता. आपला वाक्प्रचार दोघांना एकाच वाक्यात बसवीत होता.

ही झाली ‘डोक्यात जाणे’ या क्रियापदाची परीक्षा. मला अधिक महत्त्वाची वाटते ती ‘उतरणे’ या क्रियापदाची. ताप उतरला की आपण आजाराची गोष्ट संपवतो. देवापुढे साखर ठेवली जाते, मुलाला मऊ भात भरवला जातो. वैद्यकानेही बराच काळ हेच केले: रोगी जगला की मेला, एवढाच हिशेब ठेवला. युगांडातील कंपाला येथे चँडी जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचलेल्या मुलांचा पाठपुरावा दोन वर्षे केला आणि २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला. मेंदूच्या मलेरियातून उठलेल्या मुलांपैकी २६ टक्क्यांत स्मरण, अवधान वा आकलन यांपैकी कशात ना कशात उणीव राहिलेली होती. त्याच वस्त्यांतील निरोगी मुलांत हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आत होते. ही मुले चालत होती, खेळत होती, शाळेत जात होती. बाहेरून पाहणाऱ्याच्या लेखी त्यांचा ताप उतरलेला होता. राउरकेल्याच्याच गटाने २०२२ मध्ये याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आणली. ज्यांची शुद्ध कधी हरपलीच नव्हती, ज्यांचा मलेरिया ‘मेंदूचा’ म्हणून नोंदलाच गेला नव्हता, अशा रोग्यांच्या चित्रांतही मेंदूतील बदल आढळले. म्हणजे ताप डोक्यात गेला हे बरळण्यावरून किंवा आकडीवरून ओळखायचे, ही आमच्या आजीची कसोटीही अपुरी ठरली. काही न बरळताही तो तेथे जाऊन आलेला असू शकतो.

मग बाळकाकांच्या बाबतीत ही चित्रे काय सांगतात? या प्रश्नाचे उत्तर आमच्या घराला एकदा मिळाले, असे आम्हांस काही दिवस वाटले होते. २००४ मध्ये त्यांच्या आकड्या वाढल्या म्हणून रायपुरातील एका खाजगी केंद्रात त्यांच्या मेंदूचा एम.आर.आय. काढण्यात आला. काका तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. अहवालात दोनच ओळी होत्या: वयाच्या मानाने किंचित झीज, याखेरीज विशेष काही नाही. काकांनी ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिली, पाकिटात घातली आणि आपल्या बँकेच्या पासबुकाशेजारी ठेवून दिली. माझी वहिनी मात्र गोंधळून गेली. “म्हणजे काकांच्या डोक्यात काही झालंच नव्हतं का, भाऊजी?” तिने विचारले. “आपण उगाच पन्नास वर्षं म्हणत राहिलो?” तिच्या स्वरात दुष्टावा नव्हता. परंतु प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न होता: काही झाले नव्हते, तर ही चिठ्ठी, हा कंप, हे हरवलेले शब्द कशाचे? माणूस आळशी होता काय? ढोंगी होता काय? जे वाक्य काकांना अर्धशतक झाकून होते ते दोन ओळींच्या अहवालाने ओढून काढले होते.

या ठिकाणी चित्राच्या अधिकाराची मर्यादा सांगणे अगत्याचे आहे. ब्लँटायरच्या आणि राउरकेल्याच्या चित्रांचे सारे मोल ती वेळेवर काढलेली आहेत यात आहे. दोनतीन दिवसांत जी सूज उतरते तिची खूण एकोणपन्नास वर्षांनी कशी सापडावी? शिवाय नेहमीच्या एम.आर.आय.मध्ये मेंदूची घडण दिसते. त्या घडणीतून चालणारे स्मरण आणि शब्दांची जुळणी त्यात उमटतेच असे नाही. घडण शाबूत दिसूनही व्यवहार विसकटलेला असू शकतो, हे मेंदूचे डॉक्टर रोज पाहतात. ‘विशेष काही नाही’ याचा अर्थ ‘काही झाले नाही’ असा होत नाही. या यंत्राला, या वेळी, या रीतीने विचारले असता काही सांगता आले नाही, एवढाच होतो. दुसऱ्या बाजूने तितक्याच प्रामाणिकपणे हेही म्हटले पाहिजे की १९५५ मध्ये केशकालजवळ काकांचे रक्त कोणी तपासले नव्हते. मेंदूच्या मलेरियाने गेली असे समजल्या गेलेल्या ३१ मुलांचे शवविच्छेदन मलावीत झाले, तेव्हा त्यांपैकी सात मुलांच्या मृत्यूचे कारण दुसरेच निघाले, हे टेलर यांनी २००४ मध्येच दाखवले होते. रक्तात जंतू असला तरी बेशुद्धी त्याचीच असेल असा नेम नाही; म्हणून तर मेंदूचाच विस्तार असलेल्या दृष्टिपटलावरच्या खुणा पाहण्याची रीत मोलाची ठरली. काकांचा ताप हिवतापच होता, असे शपथेवर सांगता येणार नाही. आजीने जे पाहिले तेवढेच खरे: हुडहुडी, बरळणे, आकडी, तीन दिवसांचे मौन, आणि त्यानंतर बदललेला मुलगा.

परंतु आजीने पाहिले ते थोडे नव्हते, असे आता मला वाटते. पूर्वी पाठ केलेले राहिले आणि नवीन टिकेना, नाम हरवते आणि हाताला आकार आठवतो, कंप उजव्या हाताला आहे, हे तपशील तिने एखाद्या वैद्याच्या काटेकोरपणाने सांगितले असते, कोणी विचारले असते तर. मेंदूच्या एखाद्या पुंजाचे चित्र आणि खिशातली भाजीची चिठ्ठी हे दोन वेगळे पुरावे आहेत. एक दुसऱ्याला रद्द करीत नाही. संशोधकांनाही हे ठाऊक आहे. कंपालातील ती उणीव यंत्राने सापडलेली नव्हती. कोणीतरी त्या मुलांसमोर बसून त्यांना कोडी घातली, शब्द आठवायला सांगितले, आणि दोन वर्षांनी पुन्हा येऊन तेच केले, तेव्हा ती सापडली. काका २०११ मध्ये गेले. त्यांना असे कोणी कोडे घातले नाही.

बस्तर आता बदलले आहे. २०२० च्या जानेवारीत छत्तीसगढ शासनाने ‘मलेरियामुक्त बस्तर अभियान’ हाती घेतले. ताप असो वा नसो, घरोघर जाऊन प्रत्येकाचे रक्त तपासण्यात आले, आणि ज्यांच्या रक्तात जंतू सापडला त्यांत अंगात ताप मुळीच नसलेल्यांची संख्या मोठी निघाली. ताप नसलेला हिवताप! आपली सारी क्रियापदे येथे निरुपयोगी होतात; जो चढलाच नाही तो उतरणार कसा? या अभियानात गावोगाव हिंडली ती मितानिन. छत्तीसगढीत ‘मितान’ म्हणजे विधिपूर्वक जोडलेला जन्माचा मित्र; त्यावरून २००२ पासून गावातल्या आरोग्यसेविकेला हे नाव मिळाले. प्रत्येक पाड्यावर एम.आर.आय. पोचणार नाही, आणि पोचण्याची गरजही नाही. राउरकेल्याच्या चित्रांनी एवढे पुरेसे सिद्ध केले आहे की ताप ओसरल्यानंतरही काही काळ मेंदूकडे लक्ष ठेवले पाहिजे. ते लक्ष ठेवण्याचे साधन मितानिनीच्या तोंडी आहे, आणि ते तिच्या स्वतःच्या भाषेत आहे. सहा महिन्यांनी त्याच घरी जाऊन तिने आईला विचारावे: पोर शाळेत पहिल्यासारखे रमते का, सांगितलेले विसरते का, हात कापतो का, बोलताना अडते का? उत्तर आईच्याच शब्दांत, हलबीत असो, गोंडीत असो, छत्तीसगढीत असो, उतरवून घ्यावे. त्या शब्दांचा वैद्यकाला उपयोग होईल. भाषांचा अभ्यास करणाऱ्या आपणांसही त्या कामात हात घालता येईल, कारण कोणत्या भाषेत मेंदूच्या उणिवेला कोणते नाव आहे आणि त्या नावापुढे प्रश्न थांबतात की सुरू होतात, हे नोंदवण्याचे काम डॉक्टरांचे एकट्याचे नाही.